चिनी 'त्सोंग': पूर्वजातही तेच, धर्मातही तेच आणि घाऊक मालातही तेच अक्षर कसं?

तासगाव_बेदाणा

नमस्कार मंडळी. मी तासगावचा, आमचं बेदाण्याचं शेड आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही रंगावरून बेदाणा निवडणारं मशीन चीनमधल्या हफेइ शहरातून मागवलं. ते बसवायला तिकडचे एक इंजिनिअर आले आणि अठरा दिवस राहिले. आम्ही मोबाइलवर भाषांतर करून बोलायचो. तेव्हापासून शेडला कुलूप लागलं की मी रोज अर्धा तास चिनी शिकतो. क्लास नाही, शिक्षक नाही. एक जुना शब्दकोश आणि मोबाइल, बस्स.

परत जायच्या आदल्या रविवारी त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. हात धुऊन येताना ते देव्हाऱ्यापाशी थांबले. आमच्यात देवांचे टाक आहेत: जोतिबा, खंडोबा, भवानी, आणि एक वीराचा, घोड्यावर बसलेला. त्यांनी नेमकं त्याच टाकाकडे बोट करून विचारलं, हा देव कुठला? मी सांगितलं, देव नव्हे, आमच्या घरातला पूर्वपुरुष. लढाईत गेला म्हणून देव्हाऱ्यात बसवला. ते एकदम गप्प झाले. मग पंधरा किलोच्या रिकाम्या पेटीचं झाकण ओढून मार्करनं त्यावर एक अक्षर काढलं. वर टिंब, त्याखाली छप्पर, छपराखाली दोन आडव्या रेघा, मधून एक उभी, तिच्या दोन बाजूंना दोन छोटे फटकारे. एकूण आठ फटकारे. छपराकडे बोट दाखवून त्यांनी आमच्या आढ्याकडे दाखवलं, मग खालच्या भागाकडे बोट दाखवून देव्हाऱ्याकडे. आणि म्हणाले, 'त्सोंग'.

ते झाकण मी अजून जपून ठेवलंय. आई त्यावर काही ठेवू देत नाही.

आता अडचण. हे अक्षर मला जिथं तिथं भेटायला लागलं आणि दर वेळी वेगळ्याच वेशात. 'त्सूत्सोंग' म्हणजे पूर्वज, हे कळलं. 'त्सोंगच्याओ' म्हणजे धर्म. 'चंगत्सोंग' म्हणजे अस्सल, हे एका हॉटेलच्या पाटीवर पाहिलं. 'च्युएनत्सोंग' म्हणजे कचेरीतली प्रकरणाची फाइल. आणि मागच्या आठवड्यात त्यांच्याकडून जो दरांचा कागद आला त्यात 'तात्सोंग' होतं. मी शब्दकोश उघडला, तर पहिला अर्थ 'घराण्याची थोरली शाखा'! दराच्या कागदात थोरली शाखा कशी येईल? खाली वाचलं तेव्हा कळलं, घाऊक, मोठ्या प्रमाणातला माल.

हे सगळं एकाच अक्षरातून कसं निघालं? की योगायोगानं एकाच खुंटीला दहा कपडे टांगलेत? मला पाठ करायचं नाही, समजून घ्यायचंय. कुणाला माहिती असेल तर सांगा.

वाई_कृष्णाकाठ

दादा, तुमच्या पाहुण्यांनी अगदी बरोबर जागी बोट ठेवलं. वर घराचं छप्पर आणि खाली वेदी, ज्यावर पूर्वजांपुढे नैवेद्य ठेवतात ती. घरातली पूर्वजांची जागा, हाच मूळ अर्थ. शू शन यांचा इ. स. १०० च्या सुमाराचा कोशही हेच सांगतो: पूज्य पूर्वजांचं देऊळ. खालची ती वेदी तुम्हाला पुढे शंभर ठिकाणी दिसेल. देव, पूर्वज, प्रार्थना, कल्याण या अर्थांच्या अक्षरांत ती थोडी बारीक होऊन डाव्या बाजूला उभी राहते. चिनी नववर्षाला दारावर लाल कागदावर जे अक्षर उलटं चिकटवतात ना, 'फू', त्याच्याही डावीकडे तीच आहे.

आधी उच्चाराचं सांगतो, कारण इथं मराठी माणसाला मोठी सोय आहे. आपल्याकडे दोन 'च' आहेत, चिंचेतला आणि चोरातला. 'त्सोंग'मधला पहिला आवाज चोरातल्या 'च'चा. 'त्सोंगच्याओ'मधला दुसरा चिंचेतल्या 'च'च्या जवळचा. 'चंगत्सोंग'मधला 'चं' मात्र जीभ मागे वळवून म्हणायचा, तो आपल्याकडे नाही. आणि 'त्सोंग' वरच्या पट्टीत सरळ धरून ठेवायचा, खाली पाडायचा नाही.

आता अर्थाचं. 'त्सोंग' ऐकलं की मनात 'धर्म' आणू नका, 'घराणं' आणा. देव्हारा ज्या घरात, ते मूळ घर. त्या घरातून निघालेली सगळी माणसं म्हणजे कूळ. जी विद्या एका गुरूपासून शिष्याकडे घराण्यासारखी उतरत जाते, तो पंथ. बौद्ध पंथांच्या नावांत शेवटी हाच शब्द असतो. 'छानत्सोंग' म्हणजे ध्यानमार्गी पंथ. त्यातलं 'छान' म्हणजे आपलं संस्कृत 'ध्यान'. चिनी भाषांतरकारांनी त्याचं 'छान-ना' केलं, पुढे नुसतं 'छान' राहिलं, आणि जपानात गेल्यावर 'झेन' झालं. 'चिंगथूत्सोंग' हा अमिताभ बुद्धाच्या शुद्ध भूमीचा पंथ. माणसं रक्तानं एकमेकांची कुणी नव्हेत, पण गुरुपरंपरेनं एका घरची. आपल्या वारकऱ्यांत दिंडीचा फड बापाकडून मुलाकडे किंवा गुरूकडून शिष्याकडे चालत येतो, तो डोळ्यांपुढे आणा.

'त्सोंगच्याओ' हा शब्दही आधी बौद्ध ग्रंथांतला, 'पंथाची शिकवण' एवढ्याच अर्थाचा. एकोणिसाव्या शतकात जपानी लोकांना युरोपातल्या 'रिलिजन'ला शब्द हवा होता, तेव्हा त्यांनी हा उचलला. आणि तो नवा अर्थ घेऊन शब्द पुन्हा चीनला परतला. आपल्या 'धर्म' शब्दाचं काय झालं ते आठवा. राजाचा धर्म, शेजाऱ्याचा धर्म असं म्हणणारे आपण. तोच शब्द आता फॉर्मवरच्या रकान्यात बसतो.

राजांचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला इ. स. ६४१ च्या सुमारास, पुलकेशीच्या राज्यात. तो ६४५ मध्ये चीनला परतला तेव्हा ज्या सम्राटाला भेटला त्याला आपण 'थाइत्सोंग' म्हणतो. पण जिवंतपणी त्याला कुणी या नावानं हाक मारली नसेल. त्याचं नाव ली श-मिन. 'थाइत्सोंग' हे मेल्यावर पूर्वजांच्या देवळात पाटी बसवताना दिलेलं नाव. त्याचा बाप वंशाचा मूळपुरुष, म्हणून त्याला 'त्सू' लागला, पुढच्यांना 'त्सोंग'. तुमच्या 'त्सूत्सोंग'मध्ये हेच दोन्ही एकत्र आहेत.

मिरज_तंबोरा

'तात्सोंग' मी सांगतो. वाईच्या सरांसारखं माझं वाचन नाही, पण आम्ही मिरजेचे आहोत आणि हे आमच्या रोजच्या बोलण्यातलं आहे. १८२० मध्ये मिरज संस्थानाची वाटणी झाली. मिरज थोरली पाती आणि मिरज धाकटी पाती. धाकटीची राजधानी बुधगावला. आमच्या आजोबांच्या कागदपत्रांत अजून 'थोरली पाती' असं लिहिलेलं आहे. चीनमध्ये चौ राजवंशाच्या काळात हीच रीत होती. पट्टराणीचा थोरला मुलगा ती 'तात्सोंग', म्हणजे थोरली पाती. बाकीचे भाऊ 'श्याओत्सोंग', धाकटी पाती. थोरल्या पातीचा देव्हारा शंभर पिढ्या हलत नाही, धाकटीचा पाच पिढ्यांनंतर हलतो, असा त्यांचा जुना नियम. आपल्याकडे सुतक जवळच्या भावकीला दहा दिवस आणि लांबच्यांना कमी, तसंच काहीसं.

थोरली पाती म्हणजे मुख्य. मुख्य म्हणजे मोठा वाटा. मोठा वाटा म्हणजे मोठ्या प्रमाणातला माल. मला ही वाट सरळ दिसते. तुमच्या दराच्या कागदात थोरली पातीच असावी हो, फक्त ती मालाची.

आणि 'त्सोंगश' हा शब्द तुमच्या यादीत नाही. एखाद्या विद्येत ज्याच्यापासून घराणं ओळखलं जातं असा थोर गुरू, तो 'त्सोंगश'. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथं राहिले, १९३७ मध्ये गेले, मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि दर वर्षी तिथं गवई येऊन हजेरी लावतात. फी नाही, तिकीट नाही. रात्र रात्र गातात. किराणा घराण्यात जन्मलेलेही येतात आणि गंडा बांधून घराण्यात आलेलेही. छपराखालची वेदी म्हणजे काय ते मी तिथं बसून पाहिलंय.

तासगाव_बेदाणा

मिरजकर, थोरल्या पातीनं एकदम डोक्यात उजेड पडला. आमच्याकडेही भाऊ वेगळे झाले तेव्हा जुने टाक थोरल्या काकांकडे राहिले आणि आम्ही सोनाराकडून नवे घडवून घेतले. वीराचा तेवढा आजीनं हट्टानं आमच्याकडे आणला. म्हणजे आमचा देव्हारा 'श्याओत्सोंग'चा, आणि त्यात वीर थोरल्या पातीचा.

सर, 'चंगत्सोंग' आणि फाइल राहिली. आणि अजून एक. हेच अक्षर मला इतर अक्षरांच्या उजव्या बाजूला चिकटलेलं दिसतं. तिथंही घराणंच समजायचं का?

विटा_यंत्रमाग

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी विट्यात माग चालवतो. आमच्याकडे चिनी रेपिअर माग आलेत, त्यांच्या पुस्तकात प्रत्येक भागाचं चित्र आणि बाजूला चिनी नाव आहे. वही म्हणजे मागात ताण्याचे धागे वरखाली करणारा भाग, त्याच्या चौकटीच्या नावात तुमचं हे अक्षर आहे. डावीकडे धाग्याची खूण, उजवीकडे छपराखालची वेदी. मी फोनवर शोधलं तेव्हा दाखवलं की हे अक्षर मुळात वहीचंच आहे, आणि आता 'एकत्र करणे, सगळं मिळून' अशा अर्थानं जास्त वापरतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ताण्याचा प्रत्येक धागा वहीच्या डोळ्यातून ओवतात आणि मग फणीतून. वहिफणी करणारे कामगार वेगळेच असतात, ती नजर सगळ्यांकडे नसते. एक वही वर गेली की तिच्यातले सगळे धागे एकदम वर, दुसरी खाली, मधून धोटा किंवा रेपिअर जातो. 'सगळं मिळून' हा अर्थ वहीवरून आला असेल तर मला त्यात काही नवल वाटत नाही. शेकडो धागे एका हालचालीत उचलणारी दुसरी वस्तू मी तरी पाहिलेली नाही.

वाई_कृष्णाकाठ

विटेकर, तुमच्या या माहितीबद्दल मनापासून आभार. मी हे अक्षर चाळीस वर्षं वाचतोय, पण वही कधी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तिथं घराणं समजायचं नाही. उजवीकडे बसलं की ते बहुधा फक्त आवाज देतं, अर्थ डावीकडचा भाग देतो. धागा आणि 'त्सोंग', झाली वही. पाऊल आणि 'त्सोंग', झाला पावलांचा माग. झाड आणि 'त्सोंग', ताडामाडाच्या जातीचं झाड, आणि त्याच्या काथ्यावरून तपकिरी रंग. तांदूळ आणि 'त्सोंग' म्हणजे पानात गुंडाळून शिजवलेला चिकट भाताचा गोळा. तो पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी करतात. आणि पहा, विणायचा तो माग आणि चोराचा काढतात तोही माग. चिनीत मागाची वही आणि पावलांचा माग ही दोन अक्षरं एकाच आवाजाच्या घरची, आणि मराठीत ही वही ज्यात बसते तो माग आणि पावलांचा माग यांना शब्द एकच. हे दोन भाषांतलं नातं नव्हे, पण एकदा दिसलं की विसरत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. डोंगर वर आणि 'त्सोंग' खाली असं अक्षर आहे, 'छोंग'. उंच, आणि त्यावरून पूज्य मानणे. तिथं अक्षर खाली आहे, बाजूला नाही, आणि आवाजही थोडा बदललाय.

'चंगत्सोंग' सोपं आहे. 'चंग' म्हणजे सरळ, बरोबर. सरळ वंशातलं ते अस्सल. आपलं 'अस्सल'ही मुळाशी 'असल'च ना, मूळ. हॉटेलवाला म्हणतोय की ही चव थेट मूळ घरातून आली आहे, वाटेत कुठं मिसळली नाही.

फाइलमधला 'त्सोंग' मात्र मोजायचा शब्द आहे. आपण नग म्हणतो, प्रकरण म्हणतो, रास म्हणतो. ते 'एक त्सोंग सौदा', 'एक त्सोंग खटला' म्हणतात. तिथं पूर्वज शोधत बसू नका, हाती काही लागणार नाही.

आणि एक म्हण पाठ कराच: 'वान प्येन पू ली छी त्सोंग'. दहा हजार वेळा बदललं तरी आपलं मूळ सोडत नाही.

तासगाव_बेदाणा

सर, म्हण वहीत लिहून घेतली. कागदाच्या वहीत, विटेकर!

काल रात्री त्या इंजिनिअरना थोरल्या पातीचं आणि वीराच्या टाकाचं कळवलं. आज सकाळी उत्तर आलं. ते एप्रिलमध्ये चिंगमिंगच्या सणाला गावी जाणार आहेत, पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत काढायला. त्यांच्या गावात एकाच आडनावाच्या लोकांचं जुनं 'त्सोंगछ' आहे, भावकीचं देऊळ, आत लाकडी पाट्यांवर पूर्वजांची नावं. फोटो पाठवीन म्हणाले. आणि विचारलंय की आमच्या वीराचं नाव काय.

आईला विचारलं. तिलाही माहीत नाही. उद्या सकाळी थोरल्या काकांकडे जाऊन येतो.