अलार्मची सवय झालीय. याला स्वीकारणं म्हणायचं का?

रात्रपाळी
आयसीयूत नर्स आहे, अकरा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात रात्री तीनच्या सुमारास चार नंबरचा मॉनिटर बोंबलायला लागला. गेले, अंगठ्याने सायलेन्सचं बटण दाबलं, परत येऊन नोंदी लिहायला बसले. अर्धं पान झाल्यावर लक्षात आलं, आपण स्क्रीनकडे पाहिलंच नाही. धावत गेले. छातीवरची एक लीड, म्हणजे मॉनिटरची वायर, सुटली होती, बाकी काही नाही. पेशंट गाढ झोपेत. माझे हात मात्र सकाळपर्यंत थरथरत होते.

दोन वर्षांपूर्वी अर्ज दिला होता, की अलार्मच्या मर्यादा पेशंट बघून ठरवा. ज्याचे ठोके कायमच १२५च्या घरात, त्याला १२०ची मर्यादा लावली तर मशीन रात्रभर वाजणारच. 'बघू' म्हणाले. परत विचारलं, परत 'बघू'. मग गप्प बसले. नातेवाइकांसाठी खुर्च्या मागितल्या होत्या, त्याही नाही मिळाल्या. पण ते डोक्यातून गेलं. हे जात नाही. भांडायचं कधी आणि सोडायचं कधी, तुम्ही कसं ठरवता?

चालू_द्या
ताई, नोकरी आहे, लग्न नाही. सोडून द्या.

मशीनवाला
वीस वर्षं हीच यंत्रं दुरुस्त करतोय. वाजणाऱ्या अलार्मपैकी ७२ ते ९९ टक्के फुकटचे असतात, असं अभ्यासांत आलंय. मर्यादा बदलायला डॉक्टरांची परवानगी लागेल, ते एकटीचं काम नाही. पण इलेक्ट्रोड, म्हणजे छातीवर चिकटवायच्या त्या चकत्या? त्यातली जेल वाळली की मशीन भलतंच वाचतं. त्वचा पुसून कोरडी करा आणि इलेक्ट्रोड रोज बदला. याला बहुतेक ठिकाणी कुणाची सही लागत नाही.

जुनी_पानं
१८४७, व्हिएन्ना. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शवविच्छेदन करून बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्याच्या वॉर्डात १८ टक्के बाळंतिणी दगावल्या होत्या, जूनमध्ये २ टक्के. तरी बाकीच्यांनी ऐकलं नाही. यानं सविस्तर पुस्तक काढलं ते थेट १८६१मध्ये, आणि नंतर विरोधकांना उघड पत्रांतून खुनी म्हणत सुटला. १८६५मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारला. मला त्याचा राग येतो, कौतुकही वाटतं. स्वतःचा वॉर्ड त्याने बदलून दाखवला. आकडे वेळेवर नीट मांडले असते तर, असं राहून राहून वाटतं. तुम्ही आकडे ठेवलेत का? 'फार वाजतं' हे कुणालाही 'बघू' म्हणून टाळता येतं.

रात्रपाळी
नव्हते ठेवले. अर्जात 'वारंवार' असा शब्द होता, आत्ता काढून वाचला.

चालू_द्या, तुमचं खुर्च्यांना लागू पडतं. खुर्ची नाही म्हणून माझा अंगठा बघायचं विसरत नाही.

काल एकाच बेडचे आठ तास धरले. वाजलं की कागदावर रेघ. उठून खरंच काही करावं लागलं तर रेघेला गोल. ६३ रेघा, २ गोल. पहाटे इलेक्ट्रोड बदलले आणि कागद हँडओव्हरच्या फाइलीला लावला. सकाळच्या सिस्टरने विचारलं, हे काय खरडलंय? सांगितलं. ती काही बोलली नाही. आज रात्री आले तर त्याच कागदावर तिच्या ३१ रेघा.

परत अर्ज द्यायचा का, ते अजून ठरलेलं नाही. आणखी सहा रात्री मोजणार आहे.