बाळाला जन्मतःच दात आहे, आत्ताच डेंटिस्टकडे नेऊ का? मदत हवी आहे
बाळ १२ दिवसांचं आहे, जन्मलं तेव्हाच खालच्या हिरडीत पुढे एक दात होता, तांदळाच्या कणीएवढा, पिवळसर. डॉक्टर म्हणाले बहुतेक दुधाचाच दात आहे, लवकर आलाय, घट्ट असेल तर काढायचा नाही कारण मग त्या जागी दुसरा दुधाचा दात येत नाही. ठीक, पण कालपासून बोट लावलं की हलतोय आणि जिभेखाली घासून जखम झालीय, पाजायला घेतलं की दोन घोट पिऊन रडत सोडून देतं (मला चावतं ते वेगळंच). झोपेत निखळून श्वासनलिकेत गेला तर? अपॉइंटमेंट चार दिवसांनी मिळतेय, थांबू का उद्याच नेऊ? दात काढावा लागला तर रक्त गोठायला लागतं ते व्हिटॅमिन के चं इंजेक्शन जन्मल्यावर दिलंय. कोणाच्या बाळाचा काढलाय का, की नुसती धार घासून दिली?