बीडीडी चाळीतून टॉवरमध्ये जाताना चाळीचं मंडळ कसं टिकवायचं?

तिसरा_मजला

नमस्कार. आम्ही डिलाईल रोडच्या बीडीडीतले, म्हणजे ब्रिटिशांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या सरकारी चाळींतले. सध्या करी रोडला भाड्याच्या घरात आहोत आणि नव्या घराची सोडत झालीय. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांत जाणार. आई ७६ वर्षांची आहे. सोडतीचा कागद दाखवला तेव्हा तिने एकच गोष्ट तीनदा विचारली, "संडास घरात आहे ना?" त्यामुळे पुनर्विकास नको, चाळच बरी होती, असं माझं अजिबात म्हणणं नाही.

माझा प्रश्न घराबाहेरचा आहे.

आमच्याकडे ३२ चाळी. तळमजला धरून चार मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीला ८०. मधोमध लांबलचक पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दारं. वडील संगमेश्वर तालुक्यातून आले ते आधी गावकीच्या, म्हणजे गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोलीत राहिले. तिथे पाळीपाळीने झोपायचे, रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाला वळकटी गुंडाळून बाहेर. पुढे गिरणीत साचेखात्यात (कापड विणायच्या खात्यात) कायम झाले आणि ही खोली मिळाली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते. त्या वर्षी समोरच्या काकी रोज संध्याकाळी "जास्तीची झाली" म्हणत भाजीची वाटी आणून द्यायच्या. त्यांच्याकडेही जास्तीचं काही नसायचं, हे मला मोठी झाल्यावर कळलं.

आता सोडतीत आमच्या मजल्यावरच्या वीस घरांपैकी कुठलीही दोन घरं एका मजल्यावर आलेली नाहीत. संगणकाने चिठ्ठ्या काढल्या, कुणावर अन्याय झाला असं म्हणता येत नाही. पण काकी एका विंगमध्ये आणि आई दुसऱ्या.

मंडळाचं सामान आत्ता काळाचौकीला एका कार्यकर्त्याच्या घरी पलंगाखाली आहे. दोन मोठी पातेली, सतरंज्या, समया, टाळांचे सहा जोड, ढोलकी, आणि वर्गणीच्या जुन्या वह्या. एका वहीत वडिलांच्या अक्षरात 'रु. ५' लिहिलेलं आहे. हे सगळं नव्या इमारतीत ठेवायचं कुठे? गणपती कुठे बसवायचा? भजनाला कुठे जमायचं? आणि नव्या इमारतीची गृहनिर्माण संस्था नोंदवण्याआधी आम्ही काय ठरवून घ्यायला हवं? जे यातून गेलेत त्यांनी कृपया लिहा. जे चुकलं तेही लिहा.

गिरगावकर

ताई, आमची चाळ पडून टॉवर झाला त्याला आता दहा-बारा वर्षं होतील. चुकलं तेच आधी सांगतो.

पहिल्या वर्षी गणपती पार्किंगमध्ये बसवला. मोकळी जागा होती, निम्म्या लोकांकडे गाड्या नव्हत्या, कुणी काही बोललं नाही. आम्हाला वाटलं झालं, ही आपली जागा. कागदावर काहीच घेतलं नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत विक्रीच्या फ्लॅटमध्ये नवे लोक राहायला आले आणि पार्किंगच्या जागांना नंबर पडले. अकरा दिवस गाडी रस्त्यावर का लावायची, असं त्यांनी विचारलं. त्यांचं चुकीचं नव्हतं. जागा त्यांच्या नावावर होती. आमच्याकडे दाखवायला फक्त आठवणी होत्या.

भांडण झालं, दोन वर्षं अबोला झाला. एका वर्षी गणपती तळमजल्यावरच्या एकाच्या दिवाणखान्यात दीड दिवसाचा बसवला. शेवटी सर्वसाधारण सभेत ठराव झाला की सोसायटीचं कार्यालय अकरा दिवस रिकामं करायचं. आता तिथे बसतो. मूर्ती लहान आणली, पण आरतीला दोन्ही बाजूंचे लोक येतात. नवीन आलेल्यांपैकी एक गुजराती आजी रोज दुर्वा निवडून आणतात.

सामानासाठी लोखंडी कपाट घ्या आणि ते कुठे राहील हे पहिल्याच सभेत लिहून घ्या. आमची सतरंजी पंपाच्या खोलीत कुजली.

जांबोरीजवळचा

मी वरळी बीडीडीतला. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात आम्ही होतो. चाळीस मजली इमारत. पहिल्या रात्री वडील झोपलेच नाहीत. आवाज येत नाही म्हणून. त्यांना वाटलं काहीतरी झालंय.

घर चांगलं आहे. उजेड आहे, वारा आहे. अडचण दाराची आहे. चाळीत दार दिवसभर उघडं, लावलं की माणसं विचारायची बरं नाही का म्हणून. इथे सगळेच लावतात. त्यात वाईट कुणाचं नाही, लिफ्टमधून कोण येतंय कोण जातंय कळत नाही, बायामाणसं घरात एकटी असतात.

आम्ही एक केलं. एक जुना लाकडी बाक आणून आमच्या मजल्यावर लिफ्टसमोर ठेवला. दोन आठवड्यांत तिथे पाच-सहा म्हातारी माणसं बसायला लागली. मग सांगण्यात आलं की आग लागली तर तो वाटेत येईल, काढा. काढला. आता तो खाली प्रवेशद्वाराजवळ आतल्या बाजूला आहे आणि तिथे गर्दी आणखी वाढली, कारण सगळ्याच मजल्यांची माणसं तिथूनच जातात. शाळेतून येणारी नातवंडंही तिथेच आजोबांना सापडतात.

तुमच्या आईंसाठी सांगतो. काकी दुसऱ्या विंगमध्ये असल्या तरी खाली उतरण्याची वेळ ठरवून टाका. आमच्याकडे साडेपाच आहे. एखाद्या दिवशी कुणी आलं नाही तर दुसरा माणूस वर जाऊन बघून येतो. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप सुरू झालं.

निवृत्त_लेखापरीक्षक

बत्तीस वर्षं गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासले आहेत, म्हणून थोडं कागदावरचं लिहितो.

संस्था नोंदणीच्या वेळी मुख्य प्रवर्तक, म्हणजे नोंदणीसाठी पुढे होणारा माणूस, कोण, हे चाळीने एकत्र बसून ठरवा. पुढची पहिली सर्वसाधारण सभा फार महत्त्वाची. तिथे जे ठराव होतात त्यांच्यावर इमारतीची सवय बसते. सर्वसाधारण सभेची गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान माणसं, किती, माहीत आहे का? एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यातली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे तीनशे घरांच्या संस्थेतही वीस माणसांत सभा भरते आणि निर्णय होतो. तुमच्या एकट्या मजल्यावर वीस घरं होती. तेवढी माणसं सभेला बसली तरी तुमचा विषय मांडला जाईल. लोक सभेला जात नाहीत आणि नंतर जिन्यात रागावतात, हे मी आयुष्यभर पाहिलं.

ठरावात मोघम लिहू नका. 'उत्सवासाठी जागा द्यावी' असं लिहिलं तर उपयोग नाही. कोणती जागा, वर्षातले कोणते दिवस, किती वाजेपर्यंत, विजेचं बिल कोण भरणार, स्वच्छता कोण करणार, हे लिहा.

मंडळाचं खातं आणि संस्थेचं खातं वेगळं ठेवा. वर्गणी देखभालीच्या बिलात घालू नका. एकदा ती बिलात गेली की ती वर्गणी राहत नाही, वसुली होते, आणि पहिला वाद तिथेच होतो.

दुसरं, रेफ्यूज एरिया म्हणून जो मोकळा मजला किंवा भाग दिसेल तो बघून मोहात पडू नका. मोठा असतो, वारा छान येतो, भजनाला योग्य वाटतो. तो आगीच्या वेळी माणसांनी थांबण्यासाठी आहे आणि रिकामाच राहिला पाहिजे. तिथे सामान तर मुळीच नको.

तिसरं खर्चाचं. बीडीडीत पहिली १२ वर्षं देखभालीची तरतूद आहे. तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. उपविधींप्रमाणे (संस्थेच्या नियमांप्रमाणे) दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, किमान पाव टक्का. लिफ्टचा खर्च सगळ्या घरांवर सारखा, तळाशी राहणाऱ्यालाही. निवृत्तिवेतनावर किंवा एका पगारावर चालणारी घरं तुमच्यात किती आहेत, ते आजच मोजा. बारा वर्षांनी चाळकऱ्याने घर भाड्याने देऊन बदलापूरला जायचं नसेल, तर महिन्याला थोडे पैसे आत्तापासून वेगळे पडायला हवेत. गणपतीइतकंच मला हे महत्त्वाचं वाटतं.

नायगावची_लेक

मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. मी नायगावच्या बीडीडीत वाढले. तो पॅसेज सगळ्यांना आठवतो, पण रात्री दोन वाजता पॅसेजच्या टोकाच्या संडासात जाताना आईला उठवावं लागायचं, ते कुणी लिहीत नाही. पाळी आली की काय करायचं, कपडे कुठे वाळत घालायचे, दहावीचा अभ्यास कुठे करायचा. मी पायरीवर बसून केला. बंद दार मला वयाच्या तिशीत मिळालं आणि ते मला फार प्रिय आहे.

मंडळ टिकवा, जरूर टिकवा. आमच्याकडे १४ एप्रिलला सगळी चाळ रस्त्यावर असायची, ते मलाही हवंय. फक्त नव्या मंडळात बायका पंगतीपुरत्या नकोत. वह्या कुणाकडे आहेत, खात्यावर सही कुणाची आहे, हे विचारा. आमच्या मंडळात इतक्या वर्षांत खजिनदार बाई झालेली मी पाहिली नाही.

तिसरा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. नायगावची लेक, राग कसला. तू लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खरं आहे, मी पण तुला उठवायचे." मला आठवत नव्हतं. आठवायला नको होतं म्हणून असेल.

रविवारी संध्याकाळी आम्ही मैदानाच्या कडेला जमलो. एकतीस घरांतली माणसं आली, कुणी बदलापूरहून, कुणी दिव्याहून. लेखापरीक्षक काकांनी इथे लिहिलेला ठरावाचा मुद्दा मी मोठ्याने वाचला. मसुदा तयार करायला चार जण नेमले, त्यात दोन बायका. वर्गणीच्या वह्या माझ्याकडे दिल्या आहेत आणि खात्यावर दुसरी सही काकींच्या सुनेची असेल. ती बँकेतच नोकरीला आहे, तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

देखभालीच्या पैशावरून मात्र एकमत झालं नाही. आत्ताच महिन्याला पैसे बाजूला काढायचे म्हटल्यावर काही घरांतले लोक उठून गेले. त्यांच्याकडे नाहीत, हे मला माहीत आहे. दर घरी जाऊन बोलणार आहोत. काका, यासाठी एखादी सोपी पद्धत असेल तर लिहा. सारखी रक्कम ठेवली तर गरीब घरांना जड जाते आणि कमी-जास्त ठेवली तर मानापमान होतो.

आईसाठी दोनशे पानी वहीत मोठ्या अक्षरात यादी केली आहे. आमच्या मजल्यावरची वीस घरं, जुन्या खोलीचा नंबर डावीकडे, नवी विंग, मजला आणि घर उजवीकडे. तिला नवे नंबर पाठ होत नाहीत, जुने झोपेतही सांगते.

आणि वरळीचे दादा, तुमचा तो बाक केवढ्या उंचीचा आहे? आईचे गुडघे धरतात, फार खाली बसलं की उठता येत नाही. चाळीच्या जिन्याजवळचा आमचा बाक कुणीतरी पाडकामाच्या आधी उचलून ठेवलाय असं कानावर आलंय, त्याचा शोध घेते आहे.