लाडली बहनाच्या पैशांसाठी कामाची अट घालावी का?

रामबागकर:
मध्य प्रदेश सरकार लाडली बहना योजनेतून महिलांना दरमहा पैसे देतं; नोव्हेंबर 2025 पासून ते महिन्याला 1500 रुपये झाले. धडधाकट बाईने त्या बदल्यात वॉर्डात साफसफाई, बागकाम असं काही करावं, असा सूर बराच ऐकू येतो. इंदूरमध्ये हे बसवायचं तर किती तास आणि हजेरी कोण घेणार? आकडे घालून सांगा.

मस्टर_हिशोब:
आधी दिवस काढा. 2025-26 मध्ये मध्य प्रदेशात मनरेगाची मजुरी रोजची 261 रुपये. त्या दराने 1500 म्हणजे पावणेसहा दिवस. शहरातलं किमान वेतन याहून जास्त, म्हणजे दिवस आणखी घटणार. झाडलोट तर रोजचीच. महिन्यातून तीन-चार दिवस येणाऱ्या बाईकडे कुठली गल्ली सोपवणार? आणि तेवढ्यासाठी झाडू, हातमोजे, मुकादम, मस्टर हे सगळं लागणारच.

तास वाढवून चालणार नाही. संजित रॉय विरुद्ध राजस्थान सरकार, 1983. दुष्काळी कामावरसुद्धा किमान वेतनापेक्षा कमी मजुरी ही संविधानाच्या कलम 23 खाली वेठबिगारी, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवलं. हा मुद्दा कृपा करून कुणी उडवून लावू नका.

जुनी_इंदूर:
हिशोब पटला. पण खरी माणसं गळतात ती हजेरीत. अमेरिकेत आर्कान्सा राज्याने 2018 मध्ये सरकारी आरोग्यविम्यासाठी महिन्याला 80 तास कामाची अट घातली. तासांची नोंद ऑनलाइन, आणि ती साइट रात्री बंद. काही महिन्यांत 18 हजारांवर लोकांचा विमा गेला, रोजगार मात्र वाढल्याचं दिसलं नाही. 2019 मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली.

आपल्याकडेही मनरेगात जानेवारी 2023 पासून हजेरीचे दिवसातून दोन फोटो सक्तीचे झाले. सकाळचा अपलोड झाला, दुपारचा नेटवर्कमुळे अडकला, की दिवसभर माती उपसूनही मजुरी लटकायची. इथे तर समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी ओळख क्रमांक) आणि आधारमधल्या नावात एका वेलांटीचा फरक असला तरी केवायसी अडते. त्यावर रोजच्या हजेरीचं ओझं नको.

रोहयो_वाचक:
काम जरूर द्या, पण मागणाऱ्याला. महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्याचा पायाच तो: मागेल त्याला काम. उन्हात खणायला ज्याला खरी गरज आहे तोच येतो, त्यामुळे पात्रता तपासत बसावं लागत नाही. मनरेगाच्या 2005 च्या कायद्यात काम पाच किलोमीटरच्या आत, आणि सहा वर्षांखालची पाच मुलं असली की सांभाळायला एक बाई. 15 दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता. लाडली बहना 21 ते 60 वयासाठी आहे. कुणाच्या कडेवर तान्हं, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू. पाळणाघर न देता अट घातली, तर पहिलं नाव यांचंच कटेल.

शहरासाठी मध्य प्रदेशचीच 2019 ची युवा स्वाभिमान योजना होती: 21 ते 30 वय, 100 दिवस काम, महिना 4000. तसं काही महिलांसाठी मागा, 1500 ला हात न लावता.

रामबागकर:
समजलं. मग नगरसेवकांना अटीचं नको, वॉर्डात पाळणाघरासकट काय काम निघू शकतं त्याची यादी मागतो.