मदत हवी आहे: ‘टॉर्शन’मधला एस आणि आपली टकळी

नमस्कार.

अभियांत्रिकी पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणे लिहिताना ‘टॉर्शन’ या शब्दापाशी अडलो आहे. अर्थाविषयी शंका नाही. दांड्याचे एक टोक पक्के आवळून दुसरे टोक त्याच्या अक्षाभोवती फिरवले, की दांड्याला जो पीळ बसतो त्याला टॉर्शन म्हणतात आणि तो पीळ देणाऱ्या परिणामाला टॉर्क. अडचण व्युत्पत्तीची आहे.

दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘टॉर्क्वेरे’, म्हणजे पिळणे किंवा मुरडणे, हे लॅटिन क्रियापद आहे. त्याच्या ‘टॉर्टुस’ (पिळलेला) या रूपातून डिस्टॉर्ट, एक्स्टॉर्ट, टॉर्चर आणि कायद्यातला टॉर्ट (भरपाई मागता येते असे दिवाणी स्वरूपाचे गैरकृत्य) हे शब्द आले. जे सरळ नाही ते अन्यायाचे, असा शेवटच्या शब्दामागचा विचार दिसतो. मग कंटॉर्शनच्या स्पेलिंगमध्ये टी टिकून असताना टॉर्शनमध्ये एस कुठून आला? माझा अंदाज असा, की याच क्रियापदाच्या ‘टॉर्सी’ (पिळले) या भूतकाळी रूपाच्या प्रभावाने उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘टॉर्टिओ’शेजारी ‘टॉर्सिओ’ हे नाम रूढ झाले असावे आणि तेच फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोहोचले असावे. हे स्पष्टीकरण ग्राह्य आहे का?

गंमत म्हणजे पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत टॉर्शनचा अर्थ पोटातला मुरडा असा होता, यंत्रांशी त्याचा संबंध पुष्कळ नंतरचा. टॉर्क हा शब्द तर आजच्या अर्थाने 1884 मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांचे थोरले बंधू जेम्स थॉमसन यांनी सुचवला.

दुसरा प्रश्न संस्कृतच्या अभ्यासकांसाठी आहे. ‘टॉर्क्वेरे’ आणि संस्कृत ‘तर्कु’ (सूत कातण्याची चाती) यांचे इंडो-युरोपीय मूळ एकच मानले जाते, आणि चातीचे काम पीळ देण्याचेच असल्यामुळे ते पटतेही. हिंदीतला ‘तकला’ तर्कुपासून आला, असे कोशांत आढळते. आपली टकळी मात्र थेट प्राकृतातून मराठीत उतरली, की हातकताईच्या चळवळीबरोबर हिंदीतून आली? बडबड्या माणसाची टकळी चालू असते, हा वाक्प्रचार मराठीत इतका मुरलेला आहे, की दुसरी शक्यता मला अवघड वाटते. पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. त्या चळवळीपूर्वीच्या एखाद्या मराठी लेखनात किंवा कोशात हा शब्द कोणाला आढळला असल्यास कृपया मूळ वाक्यासह द्यावा.