जपानमध्ये डोंगरावरून पाहिलेलं रात्रीचं शहर : तुमचे अनुभव लिहा

रात्रीच्या देखाव्याला जपानीत ‘याकेई’ असा सुटसुटीत शब्द आहे, आणि तो बघायला लोक मुद्दाम डोंगर चढतात. हाकोदाते, कोबे, नागासाकी ही त्यातली जुनी त्रयी. तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आलेत, तर लिहा. फोटो नसले तरी चालतील, ते सगळ्यांचे सारखेच येतात. काय फसलं, काय लक्षात राहिलं ते सांगा. सुरुवात मीच करते.

हाकोदातेचा डोंगर जेमतेम ३३४ मीटरचा. आपण त्याला टेकडीच म्हटलं असतं. रोपवेच्या एका डब्यात सव्वाशे माणसं कोंबतात आणि तीन मिनिटांत वर. ऑक्टोबरअखेर होती, सूर्य पाचच्या आधीच बुडाला. कठड्याशी माणसांच्या चार रांगा, मी टाचा उंचावून दोन टोप्यांच्या फटीतून बघतेय. पुढच्या आजींनी मागे वळून पाहिलं, काही न बोलता बाजूला सरकल्या आणि माझी बाही धरून मला पुढे घेतलं. मग दिसलं. दिवे आधीपासून होतेच, पण दोन्ही बाजूंचा समुद्र काळा पडत गेला तशी मधल्या शहराची कंबर उठून दिसायला लागली. लांब पाण्यात पांढरेशुभ्र ठिपके होते. मला वाटलं पलीकडचं गाव असेल. आजी म्हणाल्या, ‘इका’. माकुळ पकडणाऱ्या होड्यांचे दिवे! दुसरं महायुद्ध संपेपर्यंत हा डोंगर लष्कराच्या ताब्यात होता, सामान्य माणसाला वर पाऊल टाकायची बंदी. म्हणजे या आजींच्या आईवडिलांना आपलंच गाव वरून बघता येत नव्हतं.

ओसाकाकर
माझा अनुभव म्हणजे शुद्ध गाढवपणा. कोबेचा माया डोंगर, साधारण ७०० मीटर. आधी रुळांवरची केबल कार, मग रोपवे. वरच्या गच्चीचं नाव किकुसेईदाई, म्हणजे ओंजळीने तारे उचलावेत अशी जागा. खाली कोबे, पुढे ओसाका, सगळा उपसागर दिव्यांची किनार लावल्यासारखा. याला ‘एक कोटी डॉलरचा देखावा’ म्हणतात आणि हा आकडा विजेच्या बिलावरून निघाला असं सांगतात. हिशेबी माणसाला शोभेल असंच नाव.
तर मी तारे उचलत बसलो आणि शेवटचा रोपवे गेला. आठवड्यातल्या काही दिवशी तो लवकर बंद होतो, हे खाली पाटीवर लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. मोबाइलच्या उजेडात जंगलातल्या पायऱ्या उतरलो, पावणेदोन तास. मध्येच झाडीत खसफस झाली, बॅटरी फिरवली तर रानडुक्कर. दोघंही थबकलो. त्याने आधी वाट सोडली, त्याचे उपकार. खाली पोचल्यावर पहिल्या मशीनमधून गरम कॉर्न सूपचा डबा घेतला आणि फुटपाथवर बसून प्यायलो. खरं सांगू, देखाव्यापेक्षा ते सूप जास्त आठवतं.

साताऱ्याची लेक
मार्चमध्ये आईला घेऊन नागासाकीला गेले होते. इनासा डोंगर ३३३ मीटर, हाकोदातेपेक्षा एकच कमी! इथे शहर खाली पसरलेलं नाही. मधे बंदर आणि चहूबाजूंनी उतारांवर घरं, त्यामुळे दिवे काठाकाठाने वर चढत आपल्या डोळ्यांच्या पातळीपर्यंत येतात. वाडग्यात बघितल्यासारखं वाटतं.
दुपारी आम्ही शांतता उद्यान पाहिलं होतं. आईने विचारलं, “तो बॉम्ब कुठं पडला गं?” मी उत्तरेकडची उराकामीची बाजू दाखवली. मधल्या डोंगरांच्या आडोशाने शहराचा काही भाग वाचला, तेही सांगितलं. ती बराच वेळ तिकडेच बघत राहिली. तिथले दिवे इतरांसारखेच, वेगळं काहीच नाही. मग समोरच्या उतारावरच्या सगळ्यात वरच्या दिव्याकडे बोट करून म्हणाली, “तिथली म्हातारी भाजी कशी नेत असेल वर?” दुसऱ्या दिवशी तिने मला तसल्या पायऱ्या चढायला लावल्या. एक म्हातारी भेटलीही. पाठीवर सॅक, सॅकमधून पातीचा कांदा बाहेर आलेला.

धुकट
सापोरोचा मोइवा, ५३१ मीटर. तिकिटाच्या खिडकीवरच पाटी होती, ‘वर सध्या काहीही दिसत नाही’. सुट्टीचा शेवटचा दिवस, म्हणून गेलोच. वर खरोखरच काहीही दिसलं नाही. जपानी माणूस खोटं बोलत नाही.

पोलादी
ओसाकाकर, तुमचं कोबे २०१८च्या ‘नव्या तीन याकेई’ निवडीत बाहेर गेलं आणि आमचं किताक्युशू आत आलं, एवढी नोंद असू द्या. :) साराकुरा डोंगर, ६२२ मीटर. पायथ्याचं यावाता हे पोलादाचं गाव, तिथला सरकारी कारखाना १९०१ साली सुरू झाला. त्यामुळे इथे घरादुकानांच्या जोडीला कारखान्यांचे दिवेही दिसतात. एकच सांगतो, खाली जॅकेट नकोसं वाटलं तरी वर न्या. वाऱ्याने माझी बोटं इतकी आखडली की कॅमेऱ्याचं बटण नवऱ्याने दाबलं, आणि फोटोत त्याचाच अंगठा आला.

ओसाकाकर
नोंद घेतली. निषेधासह.

धागाकर्ती
धुकट, मोइवावर जोडप्यांसाठी घंटा आहे ना? ती तरी वाजवलीत का?

धुकट
एकटाच होतो, तरी वाजवली. धुक्यातून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.