ध्रुवतारा दिसत नसेल तर
'उत्तरेला टॉवर आडवा आला की सॉफ्टवेअरने पोलर अलाइनमेंट (दुर्बिणीच्या बैठकीचा, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणं) होत नाही' असं म्हणतात. शार्पकॅप या कॅमेरा सॉफ्टवेअरबाबत ते बरोबर आहे, त्याला ध्रुवाजवळचंच आकाश लागतं. निना (N.I.N.A.) या आकाशाचे फोटो काढण्याच्या सॉफ्टवेअरचं थ्री पॉइंट प्लगइन मात्र दिसेल त्या भागात तीन फोटो काढून प्लेट सॉल्व्ह करतं (ताऱ्यांवरून दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे ते शोधतं) आणि त्यावरून अक्षाची चूक सांगतं. मुंबईत ध्रुवतारा जेमतेम १९ अंशांवर, धुरकटात बुडालेला, तेव्हा गच्चीवरून हाच मार्ग खात्रीचा. अक्षांश-रेखांश आणि वेळ अचूक भरा, तीन फोटो होईपर्यंत डेक्लिनेशनला (दुर्बीण ध्रुवाच्या जवळ-लांब नेणाऱ्या दुसऱ्या अक्षाला) हात लावू नका.

खरी अडचण माउंटचा अक्ष वर-खाली करणाऱ्या उंचीच्या स्क्रूची. शेवटची हालचाल वर उचलणारीच ठेवा. खाली उतरवत थांबलात तर आट्यांत ढिलाई उरते आणि दुर्बिणीच्या वजनाने अक्ष हळूहळू खाली बसतो. क्लॅम्प आवळतानाही अक्ष सरकतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजाच.